भाताच्या टोपलीचं झाकण

३ नोव्हेंबर, लाखनी
बॅग भरली. चिवडा, लिंबाचं लोणचं, गुडघ्याचा पट्टा, बीपीच्या गोळ्या. ह्यांनी वरून हिरवी साडी अन् खण ठेवला. "हे कायले?" म्हटलं. तं म्हणे, "पोरगी पसंत पडली तं ओटी भरजो." हे येऊन नाही राहिले, उशिरा पिकणारा भारी धान कापायचा आहे.
साडी राहू देली, वाद नको. पण मी ओटी भराले नाही, पोराले परत आणाले जाऊन राहिली. निलेश एकुलता एक. चार वर्षं झाले लाओसमधे विजेच्या तारांच्या कामावर. दिवाळीले आला अन् म्हणते, तिथलीच पोरगी करतो. तिले इथं करमणार नाही, मग हाही येणार नाही. सरळ गोष्ट आहे. आता तो परत चालला, त्याच्यासंगंच निघाली.

६ नोव्हें.
पोचलो. दोन विमानं, मग घाटातून दिवसभर बस. तीनदा उलटी. नि. पाठीवर हात फिरवत होता, लहानपणी मी त्याच्या फिरवायची तसा.
शेताच्या बांध्या आपल्यासारख्याच. धान कापलेला, पेंढ्या पडलेल्या. फक्त मागं डोंगर अन् जंगल.
पोरगी, नोय. बारकी, हसरी. हात जोडले अन् म्हणे, "आई, जेवा." नि. नं शिकवलं असन.
तिची माय माह्याच वयाची, विधवा, पोरगी हीच एक. तिनं पहिले माहे हात पाहिले. रोवण्यानं खराब झालेली नखं. मग आपले दाखवले. सारखेच. भाषेचं काम पडलं नाही.
माणसं चांगली आहेत. हेच तं वाईट आहे.

७ नोव्हें.
यांचा भात म्हणजे गोळा! रात्रभर भिजवून वाफेवर शिजवते, बांबूच्या टोपलीत भरते. आपल्याकडे असा गिच्च भात झाला असता तं सासूबाईनं म्हशीले घातला असता. बोटानं गोळी करायची, ठेच्यात बुडवायची. ठेच्याले मासळीचा वास, पण बाप्पा, चव आहे. बांबूच्या कोंबाची भाजी पण होती, आपले वास्तेच. दोनदा वाढून घेतलं. स्वतःचाच राग आला.
जेवून उठली तं नोयनं टोपलीले झाकण लावलं. नि. म्हणे, "आई, जेवण झालं का झाकण लावावं लागते. उघडं राहिलं तं नवराबायको वेगळे होते म्हणते इथं."
असं का.

८ नोव्हें.
आज मुद्दाम उघडं ठेवलं. सकाळी अन् दुपारी. सकाळी नोयनं लावलं. दुपारी तिच्या मायनं. लावून झाल्यावर वरून हात ठेवून बसली थोडा वेळ, माह्याकडे न पाहता. तिले समजलं.
लाज वाटली. थोडीशी.

१० नोव्हें.
हे लिहावं का नाही…
जंगलातल्या गुहेवर गेलो. खाली दगडाचं स्मारक, वर पायऱ्या. गुडघ्यानं जीव घेतला. गुहा आतून काळी. पन्नासावर वर्षांमागं लढाईच्या वेळेस गावातले लोक बाँबच्या भीतीनं आत राहायचे. एक दिवस रॉकेट सरळ आतच आलं. नोयची माय लहान होती, मामासोबत नाल्यावर गेली होती म्हणून वाचली. तिची माय अन् मोठी बहीण आत. हे सगळं तिनं रस्ता सांगावा तसं सांगितलं. नि. मराठीत सांगत गेला.
गुहेच्या तोंडाशी तिनं केळीच्या पानावर भाताचे गोळे ठेवले, उदबत्ती लावली. मी हात जोडले. अन् सवयीचा हात! एक गोळा उचलला, कपाळाले लावला, तोंडात टाकला. प्रसाद म्हणून.
नि. ओरडला, "आई! तो मेलेल्यायच्या वाटचा घास आहे!"
अगाई. आपल्याकडे पितराच्या पानाले कावळ्याच्या आधी कोणी हात लावते का! धरणी फाटावी असं झालं. थुंकताही येईना, गिळताही येईना.
नोयची माय बघतच राहिली. मग हळू काही बोलली. नि. नं सांगितलं: "ताई सात वर्षांची होती. त्या दिवशी सकाळपासून उपाशी होती. मी इतके वर्षं घास ठेवून राहिली, पण कोणाच्या तोंडात गेलेला पाहिला नव्हता. आज पाहिला."
अन् तिनं दुसरा गोळा केला, आपल्या हातानं माह्या तोंडात घातला.
रडली मी. दोघीही रडलो. पोरं बाजूले जाऊन उभे राहिले.

११ नोव्हें.
सकाळी जेवण झाल्याबरोबर झाकण मी लावलं. सगळ्यात पहिले. नोय उठून चुलीकडे गेली, लवकर आली नाही.
नि. ले म्हटलं, "तिच्या मायले विचार, पोरगी आमच्याकडे आली तं तुमचं कसं?" तो चुळबुळ करून राहिला. "विचार म्हटलं नं!" विचारलं. ती हसली. म्हणे, "अन् पोरगा इथं राहिला तं तुमचं कसं?"
तिले माही काळजी असन, हे माह्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली माहीच एकटीची काळजी घेऊन आली होती. कोणाची तरी माय एकटी पडणारच आहे.
मग दोघी शेंगा सोलत बसलो.

१३ नोव्हें.
निघालो. नोयनं बॅगेत साडी पाहिली, नि. ले विचारलं कोणाची. मी म्हटलं, "तिची आहे. पण ओटी लाखनीले, आपल्या उंबरठ्यात भरते." नि. म्हणे, "म्हणजे हो?" म्हटलं, "म्हणजे साडी परत नेऊन राहिली. जास्त डोकं नको लावू."
नोयच्या मायनं भाताची टोपली देली. बस सुटेपर्यंत माहा हात सोडला नाही.

१६ नोव्हें., लाखनी
नि. नागपूरपर्यंत सोडून परत गेला. दोन दिवसाचीच सुट्टी उरली होती.
आपला भात त्या टोपलीत घालून पाहिला. मोकळा, फटीतून सांडते. पुसून चुलीपाशी ठेवली.
हे धानाच्या कामातून थकून आले. जेवता जेवता विचारते, "पोरगा परत येते का?"
"माहीत नाही."
"पोरगी पसंत पडली?"
मी उठली, टोपलीचं झाकण लावलं.
"रिकामी तं आहे. झाकण काहून लावून राहिली?"
"उघडं ठेवायचं नसते," म्हटलं.