स्क्रम मास्टरची एक सीट

३ जून, सोमवार. दुपारी ४.१०
करायला नको होतं, पण केलं. टेस्टिंगमधला माझा जोडीदार गुणवंत लॅपटॉप उघडा सोडून चहाला गेला. आमच्या ऑफिसचा कायदाच आहे, उघडा लॅपटॉप दिसला की त्याच्या नावानं ग्रुपवर टाकायचं, आज समोसे माझ्याकडून. मी समोसे नाही टाकले. त्याचा सर्टिफिकेशनचा फॉर्म समोर होता. स्क्रम मास्टर होतं, ते प्रॉडक्ट ओनर केलं अन् सबमिट दाबलं. फक्त मस्करी. उद्या सांगीन.

४ जून
नाही सांगितलं. तो बिझी होता. मी पण. माझाच फॉर्म भरायचा आहे.
कंपनीच्या पैशानं सर्टिफिकेशन, पण टीममध्ये दोनच सीटा. एक स्क्रम मास्टर, एक प्रॉडक्ट ओनर. ओनर म्हणजे मालक. काय बनवायचं ते तो ठरवते, बाकीचे बनवतात. माझ्या स्वभावाला फिट. पण क्लायंटच्या शिव्याही तोच खाते. स्क्रम मास्टर रोज सकाळी सगळ्यांना पंधरा मिनिटं उभं करते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. शाळेत मला आठ वर्षं उभंच ठेवलं होतं. अनुभव आहे.

६ जून
ओनर. फायनल.
बाबांनी विचारलं, यात डिग्री भेटते का? म्हटलं, डिग्रीच्या वरची.

७ जून, शुक्रवार. ५.५५
स्क्रम मास्टर. ओनरमध्ये यामिनी दीदी आहे, टीममध्ये सगळ्यात सीनिअर, तिच्यासमोर कोण टिकते? फॉर्म सहाला बंद. गुणवंतला सांगायला पाच मिनिटं होती. प्रिंटर बिघडला होता, तो बघत राहिलो.

१० जून, सोमवार
यादी लागली. ओनर यामिनी दीदी. स्क्रम मास्टर मी, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं. यादी लागल्यावर आमच्या मॅनेजर मेघना मॅडमनी सांगितलं, टेस्टिंगमध्ये आता एकच जण. मी किंवा गुणवंत. ज्याला सीट तो राहणार, दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर बंद.
हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणजे चूक मॅडमची.
गुणवंत फॉर्म बघत बसला. वाटलं, आता पकडते. तर म्हणे, मीच घाईत चुकीचं दाबलं असेल यार, गावची, मझौलीची बस सुटून राहिली असेल. वरून मलाच हात दिला, बधाई हो भैया.

१७ जून
पुस्तक उघडलं. बंद केलं.
गुणवंत रोज चहाच्या वेळी मला शिकवते. त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. म्हटलं, काहून एवढं करून राहिला? म्हणे, वही घरी नेऊन म्हशीला शिकवू का? हसलो. चहाचे पैसे मी दिले.
उद्या सांगणार. पक्कं.

२८ जून, शुक्रवार
गुणवंतचा शेवटचा दिवस. सांगणारच होतो, पण सगळ्यांसमोर बरं नाही दिसत. वही मला देऊन गेला. मी पास झालो तर त्याच्या जाण्याला काही अर्थ राहील. सांगण्यापेक्षा हे मोठं काम आहे.

२९ जून
परीक्षा. पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, सदतीस बरोबर पाहिजेत. नेट स्लो. शेजारी बँडवाल्यांची प्रॅक्टिस. पर्याय सगळे एकसारखे.
बावीस.

१ जुलै, सोमवार
मॅडम म्हणाल्या, कंपनी एकदाच पैसे भरते, म्हणजे सीट गेली. मला पंधरा दिवसांची नोटीस. स्क्रम मास्टरचं कामही आता यामिनी दीदीच बघणार. एकाच माणसानं दोन्ही करू नये, हे वहीत लाल पेननं लिहिलंय. तो प्रश्न आला होता. तेवढा बरोबर आला असावा.

दुपारी गुणवंतचा फोन. काकाच्या खताच्या दुकानात बसून राहिलाय. पहिलाच प्रश्न, झाला ना पास? म्हटलं, हो.
एवढा जोरात ओरडला की मागून त्याची आई विचारू लागली, काय झालं रे? तिला म्हणे, अक्षत पास झाला, माझ्या वहीवर! मग मला म्हणे, चलो, एकाचं तरी झालं. रविवारी खोव्याची जलेबी घेऊन येतो म्हणे.

हे कोणी वाचून राहिलं असेल तर हात जोडतो. फॉर्मचं एक वेळ सांगा त्याला. नापास झालो ते नका सांगू. कोणालाच नका.