हाड खाणाऱ्या पेशी आणि सोमवारची गोळी

५ जानेवारी, सोमवार
यंदा पीएच.डी.चा निकाल लावायचाच. सातवं वर्ष आहे, पण घाईत विज्ञान होत नसतं. आठच्या ठोक्याला लॅबमध्ये पोचायचं ठरवलं. पोचलो साडेदहाला. कारण आईची गोळी. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत. दर सोमवारी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास ताठ बसणं, तोवर चहा नाही. गोळी तिची, लांबतो माझाही चहा.

८ जानेवारी
विषय स्वतःलाच पुन्हा समजावतो, प्रबंधाला उपयोगी पडेल. हाडात हाड बांधणाऱ्या पेशी असतात, तशा खाणाऱ्याही असतात. खाणाऱ्या आयत्या येत नाहीत. अस्थिमज्जेतल्या पोरसवदा पेशींपासून घडतात. एक ग्रोथ फॅक्टर त्या पोरांना जगवतो, वाढवतो. मग दुसरा निरोप आला की त्या एकमेकींत मिसळतात आणि एक धिप्पाड खादाड पेशी तयार होते. माझं म्हणणं, तिसरा एक फॅक्टर हे सगळं रोखतो. असं फक्त मीच म्हणतो. म्हणून तर ओरिजिनल.

१५ जानेवारी
पोरांना जगवणारा फॅक्टर आला. चिमूटभर पावडर. माझ्या गाइड मॅडमनी बजावलं की विरघळवून लगेच छोट्या नळ्यांत थोडा थोडा भर, गोठव, आणि एक नळी एकदाच वापर. म्हणजे ढीगभर नळ्या, ढीगभर लेबलं. कारकुनी काम. सगळा एकाच नळीत ठेवला. लागेल तसा वितळवायचा, उरेल तो परत गोठवायचा. घरी आई उरलेल्याचं हेच करते, कुणाचं काही बिघडलं नाही.

१७ फेब्रुवारी
यश! माझा फॅक्टर घातलेल्या डिशमध्ये हाड खाणारी एकही पेशी नाही. शुकशुकाट. कंट्रोल डिशमध्ये माझा फॅक्टर नव्हता, तिथे खरं तर खादाडांचा सुकाळ हवा. तिथेही एक नाही. ती डिश बिघडली असावी. टाकून दिली. मॅडमना इतक्यात नको सांगायला.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आईला मात्र सांगितलं. तिने विचारलं, मग ही गोळी कशाला घ्यायची? मी म्हणालो, गोळी म्हणजे जुनी विद्या, आता या पेशी मुळात घडूच द्यायच्या नाहीत. तिने डबी फळीवर मागे सरकवली. आज चहा वेळेवर झाला. दोघांनाही बरं वाटलं.

२५ मार्च
पुन्हा तेच. कंट्रोलमध्येही पुन्हा शून्य. माझ्या फॅक्टरचा शेजारच्या डिशलाही धाक बसत असेल का? वेगळा पेपर होईल. ताईचा फोन आला, आई गोळी घेते ना म्हणून. मी म्हणालो, तू तुझं घर सांभाळ, इथे तज्ज्ञ बसलाय.

९ एप्रिल
मॅडमनी कंट्रोलचे फोटो मागितले. मायक्रोस्कोप मोकळा नसतो, असं सांगून टोलवलं. उद्यापासून नक्की आठला.

१७ एप्रिल
मॅडमनी स्वतः फ्रीझर उघडला. आत माझी एकच नळी. त्यांनी विचारलं, ही किती वेळा वितळवलीस? मी म्हणालो, लागेल तशी. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की हा फॅक्टर कधीच निकामी झालाय, पोरांना जगवायलाच कुणी नव्हतं, मग तू रोखलंस कुणाला? सगळी लॅब ऐकत होती. त्यांनी आपल्या साठ्यातल्या ताज्या नळ्या दिल्या, लेबलं लावलेल्या.
आईला उद्या सांगतो.

२४ एप्रिल
निकाल आला. कंट्रोलमध्ये खादाड पेशी दाटीवाटीने बसल्या आहेत. माझ्या फॅक्टरच्या डिशमध्ये त्याहून जास्त, आणि चांगल्या गुबगुबीत. आईला रविवारी निवांत सांगू.

२६ एप्रिल, रविवार
सांगायच्या आतच आईचा ओट्यापाशी तोल गेला. तिने हात टेकला, उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? आई म्हणाली, बंद केली, आमचा मुलगा यातलाच आहे. कौतुकाने म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागलो. मग ते म्हणाले, गोळी घेऊनही मोडलं असतं कदाचित, सांगता येत नाही. पण आता सुरू करा. त्यातलं पहिलं वाक्य मी घट्ट धरलं. घरी येईपर्यंतही ते टिकलं नाही.
लाज वाटते. दुसरा बरा शब्द शोधला, मिळाला नाही.

२७ एप्रिल, सोमवार
सकाळी आईला सगळं सांगितलं. माझा फॅक्टर काहीही रोखत नाही, आणि तिची गोळी मी नुसत्या ऐटीपायी बंद करवली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मला त्या पेशींचं काही कळत नाही रे. मी डबी काढली, पाणी आणलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून गोळी तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. तोंडात टाकण्याआधी ती थांबली आणि विचारलं, घेऊ ना? तू सांगशील तसं.
घे म्हणालो. मग अर्धा तास तिच्या शेजारी ताठ बसलो. चहा मीही घेतला नाही.