चावडीच्या भिंतीवरची पेवं

सोमवार, २ एप्रिल १९४५

पोरं वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, आणि समोर सात चिंचोके ठेवले की आढ्याकडे बघतात! बसप्पाला विचारलं, हे किती? म्हणाला, "लई हायती." सात म्हणजे काय रे? तर म्हणे, "सहाच्या फुडचं." आता याला काय मारायचं! उत्तर चूक तरी कुठं आहे?

दीड वर्ष ही पोरं माझ्याच हाताखाली आहेत. म्हणजे खोट माझ्यातच. घोकून घेतलं, मोजायला शिकवलंच नाही.

म्हणून आज घरचा अभ्यास वेगळा दिला. पाढे नाहीत, ओळी नाहीत. घरात जे काही एकाहून जास्त असेल ते शोधायचं, मोजायचं, आणि पाटीवर तितकी चित्रं काढून आणायची. "खोटं काढायचं नाही," तीनदा बजावलं. "असेल तितकंच!"

मंगळवार, ३ एप्रिल

काय मजा आली! चौदा पाट्या. बसप्पाच्या शेळ्यांना पाच-पाच पाय. "त्यो पाय न्हाय गुरुजी, शेपूट हाय." एकानं खाटेतले ढेकूण मोजायला घेतले आणि मोजता मोजता झोपला! बारापर्यंत पोचला होता.

सगळ्यांत सुबक पाटी शिवगंगाची. महालिंगप्पांची ही नात. गावात सगळ्यांत मोठी शेती त्यांची. पाच गोल, प्रत्येकावर झाकण. "ह्ये आमचं पेव, गुरुजी. एक गोठ्यात, दोन परसात, एक कडब्याच्या गंजीखाली…" जमिनीखालच्या ज्वारीच्या खड्ड्यांची अशी जागेसकट मोजणी! मी पाठ थोपटली. लगेच बाकीच्यांनी आपल्या शेळ्या-कोंबड्या पुसल्या. "आमच्यात बी दोन हायती!" "आमच्यात एक!" पेवंच पेवं. मोजायची गोडी लागली एकदाची.

कोरी पाटी एकच — धुरपदाची. "का गं?" "काय न्हाय, गुरुजी." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डोकं फिरलं. दोन छड्या दिल्या हातावर. रडली नाही. जागेवर जाऊन बसली.

बुधवार, ४ एप्रिल

दिवसभर भिंत रंगवली. शाळा चावडीतच भरते, आणि चावडीची मागची भिंत आयती मोठी. गेरूनं प्रत्येक पोराचं नाव, खाली त्याच्या घरची मोजणी. पेवं एकंदर तेवीस! पोरांनी एकमेकांचे आकडे मोजून पाहिले. एकही चुकला नाही. ट्रेनिंगच्या मास्तरांनी हे बघायला पाहिजे होतं.

संध्याकाळी धुरपदाची तक्रार सांगायला तिच्या आईकडे गेलो. कडूबाई. नवरा नाही, रोजावर जाते. दाराला गोणपाट. आत एक चूल, एक तवा, एक गाडगं, एक वाकळ.

मी म्हणालो होतो, एकाहून जास्त असेल ते मोजा.

पोरीनं अभ्यास केला होता. चौदांत सगळ्यांत नीट तिनंच केला होता! आणि मी तिला मारलं. कडूबाई म्हणते, "शिकंना व्हय पोरगी? मारा गुरुजी, पर शिकवा." मला तिच्याकडे बघवेना. तक्रार न सांगताच परत आलो.

गुरुवार, ५ एप्रिल

सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं, "धुरपदाचं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं." तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग त्या दोन छड्या?" मी छडी तिच्या हातात दिली, हात पुढे केला. एक मारली, हळूच. दुसरी? "ऱ्हाऊ द्या." पोरं हसली, मीही हसलो. बरं वाटलं खरं तर.

हे सुख दुपारपर्यंतच टिकलं. महालिंगप्पा आले, मागं आणखी तिघं. भिंतीकडे बघितलं आणि मटकन खालीच बसले. "गुरुजी, तुमच्या पाया पडतो, पर त्ये पुसा!"

लेव्ही! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? सरकार ज्वारी ठरल्या भावानं उचलून नेतं. मागल्या साली इतकी नेली की पेरणीला बी उरलं नाही. म्हणून यंदा सगळ्या गावानं लिहून दिलंय — खायापुरती आहे, जास्त दाणा नाही. शनिवारी महसूल खात्याचे गिरदावर तपासायला येणार. आणि उतरणार कुठं? याच चावडीत. याच भिंतीला टेकून!

नळदुर्गच्या कापडवाल्याचा पोरगा मी. पेव ठाऊक, पण ते कधी दाखवायचं नसतं हे कुणी शिकवलं होतं मला?

त्या तिघांतला एक जाता जाता म्हणाला, "मास्तर सरकारी मानूस. मुद्दाम केलंया." ते फार लागलं. पाणी मारून पुसायला गेलो, तर गेरू जास्तच पसरला. सगळी भिंत लालभडक, आणि गोल त्यातूनही उठून दिसतात.

शुक्रवार, ६ एप्रिल

निजाम सरकारची जुम्म्याची सुट्टी. भिंत शेणामातीनं लिंपायची ठरली. चावडीचं सारवण करते कडूबाई, तिलाच बोलावलं. मी पाणी आणून देत होतो.

हातात शेणाचा गोळा घेऊन ती भिंतीपुढं उभीच राहिली. तिला अक्षर येत नाही, पण पेव ओळखता येतं की. कोपऱ्यातल्या गोलांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये कुणाचं?"

आणि मी सांगितलं! जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं? "महालिंगप्पांचं," म्हणालो.

तिनं एकेक गोलावर बोट टेकवलं. पाच. "म्या परवा दोन पायल्या मागाया गेल्ते. म्हनले, घरात दाणा न्हाय." एवढंच बोलली. मग खालपासून वरपर्यंत भिंत लिंपून काढली, हात धुतले आणि गेली.

उद्या गिरदावर. तिनं एक शब्द काढला तर गावाचं वर्षाचं खाणं गेलं. आणि तिनं तो का काढू नये, हे मला सांगता येत नाही.

शनिवार, ७ एप्रिल

आजचं सगळं लिहून टाकतो.

गिरदावर सकाळीच घोड्यावरून आले. बसले, भिंतीला हात लावला. "दीवार ताजी कैसी, मास्तर?" "बच्चों ने रंग लगाया था, साहब." खोटं बोललो नाही!

मग त्यांनी पोरांना विचारलं, "बोलो बच्चो, पेव किसके घर में?" घरच्यांनी सगळ्यांना दम दिलेला. माना खाली. शिवगंगा मात्र माझ्याकडे बघत होती. खोटं काढायचं नाही, असेल तितकंच — हे तीनदा सांगणारा मीच ना? मी नजर चुकवून दाराकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. सात वर्षांची पोर! तिला हेही मीच शिकवलं आज.

कडूबाई रांजण भरत होती. गिरदावरांनी तिला पुढं बोलावलं. महालिंगप्पा समोर बसलेले, गावचे दहा-बारा जण भोवती. साहेब आता मराठीत बोलले, गोड बोलले. "बाई, पेव कुठं हाय एवढं दाखव. निघेल त्यातलं एक पोतं तुझं."

एक पोतं! मी तिचं घर बघितलेलं. धुरपदा माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली. महालिंगप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं.

कडूबाईनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "ज्येला दाणा मिळत न्हाय, त्येला पेव कोन दाखवतंय, साहेब?"

साहेब मोठ्यानं हसले. आणखी कुणी हसलं नाही. दुपारचं जेवण करून ते पुढच्या गावाला गेले. महालिंगप्पा चावडीतून उठले ते तडक घरी गेले.

सोमवार, ९ एप्रिल

महालिंगप्पा आता तरी काही देतील म्हणून दोन दिवस वाट पाहिली. कडूबाईची चूल तशीच थंड. मग माझाच ताबा सुटला. गेलो महालिंगप्पांकडे आणि तोंडाला येईल ते बोललो — तुमची पाच पेवं आहेत म्हणून ती बाई गप्प राहिली, आणि तुम्हाला दोन पायल्या जड झाल्या!

"बसा, गुरुजी," ते म्हणाले. मी बसलो नाही. "मागल्या साली पेरणीचं बी इकत आणलंया म्या. आज एकीला दिलं की उद्या धा जण म्हनणार, पेव फुटलं. बातमी तालुक्याला जायाला किती येळ? भ्या वाटतंया."

हा गावातला सगळ्यांत मोठा माणूस, आणि त्याला भीती वाटते असं माझ्यापुढं कबूल करतो. रागानं गेलो होतो, राग पुरता टिकला नाही. पण कडूबाईचं काय? तसाच परत आलो. चहाही नको म्हणालो.

मंगळवार, १० एप्रिल

शाळेत सहाच पोरं. बाकीच्यांच्या आया पाठवत नाहीत. "मास्तर काय बी मोजाया लावतो!"

बुधवार, ११ एप्रिल

चार. धुरपदा त्यांतली एक. वीस चिंचोके न चुकता मोजले. पोटात काही नसावं, मधेच भिंतीला टेकून बसली. माझी भाकरी दिली. अर्धी खाल्ली, अर्धी आईसाठी बांधून घेतली. शाळा बंद करून बदली मागावी असं मनात येतं. कशाला शिकवतो मी इथं?

गुरुवार, १२ एप्रिल

उद्या पाडवा. त्याची पाटीपूजा आजच, म्हणून चौदाच्या चौदा पोरं हजर! शिवगंगा कानाशी येऊन म्हणाली, "गोठ्यातलं पेव आज्यानं काल उघडलं. धुरपदाच्या समद्या वस्तीला दिलं. म्हनला, कडूबाई बोलली न्हाय, बाकीचं बी बोलनार न्हाईत. कुणाला सांगू नगा." धुरपदाला जवळ बोलावून विचारलं, "काय गं, घरात आता काय काय आहे?"

तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पाटी छातीशी धरली.

"सांगत न्हाय, गुरुजी."