अण्णांसाठी घेतलेली लेन्स

१ एप्रिल, बुध.
अण्णांचा रिपोर्ट आला. गाठ वाईटच. स्वरयंत्र काढावं लागेल. २९ तारीख दिली. आईने विचारलं, "मंग बोलता येईन नं?" डॉक्टरांनी मशीन वगैरे सांगितलं. अण्णांचा प्रश्न वेगळाच. "सव्वीसले पोग्राम हाये. गाऊ का नको?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, गा.
रिक्षाने कोसाडला घरी आलो. तंबाखूची पुडी अण्णांच्या खिशात अजून आहे. मी बघितली.

३ एप्रिल
अण्णांचा गातानाचा फोटो शोधला. एकही नाही. एकतीस वर्षं देवरावकाकांच्या गायन पार्टीत, पण कोरसला. काका पुढे उभे, त्यांच्यासमोर माइक. अण्णा मागे सतरंजीवर, टाळ्या आणि ध्रुवपद. प्रत्येक फोटोत काकांच्या कोपराखाली अण्णांचं अर्धं कपाळ. आवाज मोबाइलवर आहे, पण सगळ्यांचा एकत्र.
काकांना फोन केला. म्हणाले, सव्वीसला एक गाणं तुझा बापच पुढे येऊन म्हणेल. "एवढ्या वर्षांत मले सुचलंच नाई वं," आणि रडायला लागले. मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला.
एकच फोटो पाहिजे. गाताना, चेहऱ्याचा. पुन्हा संधी नाही.

५ एप्रिल, रवि.
आठ वर्षं साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते, आणि स्टेजचा एक धड येत नाही. पर्वत पाटियाच्या स्टुडिओत उजेड आपणच पाडायचा. मॉडेल हलत नाही. लेन्सचं तोंड बारीक केलं की पुढचं-मागचं सगळं शार्प.
आज अमरोलीच्या कार्यक्रमात कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लावून बघितली. निळे-लाल लाइट, गाणारा डोलतोय. निम्मे काळे, उरलेले हललेले. एकदा फ्लॅश मारला. गाणाऱ्याने दचकून डोळे मिटले, ओळ चुकली. फ्लॅश बाद.
म्हणजे उजेड पिणारी लेन्स पाहिजे. तोंड १.८ पर्यंत मोठं उघडणारी तरी.

८ एप्रिल
पन्नास एमएमची लेन्स: नवीसुद्धा परवडते, हलकी. पण स्टेजच्या पायाशी जावं लागणार. तिथे बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर उभं राहिलं तर उद्धार होईल. आणि खालून काढलं की माइक बरोबर तोंडावर.
मोठी झूम भाड्याने: अनामत ऐकूनच फोन ठेवला.
पंच्याऐंशीची: बाजूने, दहा-बारा फुटांवरून, माइक चुकवून चेहरा. हीच. नवी झेपत नाही. कडोदऱ्याचे किरीटभाई लग्नाचे फोटो बंद करताहेत, त्यांची जुनी आहे.

१० एप्रिल
घेतली. किरीटभाई सरळ माणूस. "काच पर लिसोटो छे, पण फोटामां नहि आवे." ओरखडा केसाएवढा. उजेडात धरून दहादा बघितला.
घरी अण्णांनी हातात घेऊन वजन केलं. "एवढी महागाची कायले आणली? फोटूत आवाज थोडीच येते वं?" स्वतःच हसले. मग खोकला सुरू झाला, थांबेचना. आईने पाणी दिलं ते अंगावर सांडलं.

१३ एप्रिल
स्टुडिओत साडीवाले शेठ चिडले. काल घरी नवीन लेन्सवर हात बसवताना फोकसचा लाल चौकोन चेहऱ्यावर आणला होता, तसाच राहिला. सकाळच्या क्लोजअपांत मॉडेलच्या पापण्या मोजाव्यात अशा, आणि किनार मऊ, अंधुक; इतक्या जवळून बारीक तोंडही पुरत नाही. "बेन, मोढुं कोण खरीदे छे? बॉर्डर बतावो!" बरोबरच, चेहरा कोण विकत घेतं. सगळे पुन्हा काढले. चौकोन खाली पदरावर आणला. तिथेच असतो तो, आठ वर्षं.

१८ एप्रिल
स्वयंपाकघरात एका ट्यूबलाइटवर आईचे फोटो काढले. १.८ वर. आई खूश. "बाप्पा, लुगड्याची किनार कशी लखलख दिसून राह्यली!" मीही खूश. डोळे जरा मऊ आलेत. हलली असेल, गप्पा मारायची थांबते कुठे.
अण्णा रोज थोडं गुणगुणतात. वरचा सूर लागत नाही. लागला नाही की भिंतीकडे तोंड करतात.

२६ एप्रिल, रवि.
झालं.
गाण्याआधी मंडळाने अण्णांना शाल पांघरली. सत्काराची शाल लोक लगेच घडी करून ठेवतात. यांनी काढलीच नाही, तशीच घेऊन माइकसमोर. हात कानावर. कापड कारखान्यात लूमच्या खटखटीत एक कान गेलाय, स्वतःचा आवाज ऐकायचा तर कान धरावा लागतो. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. थांबले नाहीत. मान मागे टाकली आणि फाटलेलाच वर नेला. मागून देवरावकाका झील धरत होते. आज ते मागे.
मी रडत रडत काढले. एकशे चाळीस. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चांगले दिसताहेत. निळ्यातून चेहरा नीट बाहेर आलाय.

२७ एप्रिल
मोठ्या स्क्रीनवर उघडले.
शाल शार्प. एकशे चाळीसही फोटोंत शाल शार्प. जरीचा धागान् धागा. वर चेहरा पुसल्यासारखा. तोंड उघडं आहे एवढं कळतं, डोळे नाहीत.
चौकोन पदराच्या जागीच होता, तिथे शाल. मी हलवलाच नाही. बारीक तोंडावर चेहरा चार बोटं मागे असला तरी खपतो, १.८ वर नाही खपत. हे मला झोपेतही माहीत आहे. लेन्सचा दोष शून्य, ओरखड्याचाही नाही.
मोढुं कोण खरीदे? मी घेणार होते. मी एकटीच.
अण्णांनी विचारलं, "आले का वं चांगले?" म्हटलं, आले. प्रिंटला टाकते.

२९ एप्रिल
सहा तास. आत नेताना ते काही बोलणार होते, तेवढ्यात स्ट्रेचर वळलं. शेवटचा शब्द आम्हाला मिळालाच नाही.

४ मे
गळ्याला भोक, त्यातून श्वास. आईने पाटी-पेन्सिल आणून दिली. पहिला शब्द: पाणी. दुसरा: फोटू?
म्हटलं, प्रिंटवाल्याचं मशीन बिघडलंय.

९ मे
आज पुन्हा पाटी पुढे केली. फोटू. खाली दोन रेघा.

१५ मे, शुक्र.
घरी आणलं. आता मशीनचं खोटं किती दिवस चालवणार. लॅपटॉप मांडीवर ठेवला, सगळं सांगितलं. चौकोन, पदर, सवय.
अण्णांनी फोटो खूप वेळ बघितला. शालीवर बोट फिरवलं, मग चेहऱ्यावर. पाटीवर लिहिलं, "हा मीच हाओ नं?" मी मान हलवली. आई उठून आत गेली.
त्यांनी पाटी पुसली. कॅमेऱ्याकडे बोट. मग कानावर हात ठेवला, मान मागे टाकली, तोंड उघडलं. वरचा सूर. गळ्याच्या भोकातून नुसती फुस्स हवा. तसेच थांबून राहिले, माझी वाट बघत.
मला कॅमेरा उचलवेना. तोंड मिटून त्यांनी पाटी ओढली.
"फोटूत आवाज थोडीच येते. काढ."
म्हटलं, सकाळी काढू, खिडकीत उजेड चांगला असतो. आमच्या खिडकीत सकाळी उजेड येत नाही, समोर भिंत आहे. त्यांना माहीत आहे. तरी मान हलवली.
लेन्स पुसून ठेवली. चौकोन वर, डोळ्याच्या जागी आणून ठेवलाय.
झोपण्याआधी त्यांनी पाटीवर आणखी एक ओळ लिहून माझ्या उशाशी ठेवली.
"शाल घेऊ का नको?"