उरलेली माती

बाबा, ज्या जमिनीला तुम्ही उत्तम म्हणाला होतात, ती परवा पुन्हा पाहून आलो. अकोल्यातल्या तुमच्या पाठशाळेची जागा आता मोकळी आहे. जोत्याचे काही दगड आणि मधोमध एक बाभळीचे झुडूप, एवढेच उरले आहे. वैशाखाच्या उन्हात जमिनीला पडलेल्या भेगेत माझी काठी मुठीपर्यंत गेली. पितरांवर कोप करू नये, असे मी अमरावतीच्या शाळेत संस्कृत शिकवताना विद्यार्थ्यांना सांगत आलो. श्राद्धाच्या दिवशी तुमच्या नावाचा उच्चार करताना स्वर कधी चढू दिला नाही. परंतु हा राग तुमच्या मरणाहून जुना आहे, आणि तो बरोबर घेऊन जावा असे मला वाटत नाही.

आपली ओसरी मला आजही दिसते. मुंबईहून आलेला कंपनीचा माणूस बैठकीवर बसला आहे आणि त्याने पुढे चित्र पसरले आहे: लोखंडी सांगाडा, फळ्यांच्या भिंती, वर पत्रा. सगळे भाग कारखान्यात तयार होऊन आगगाडीने येणार, इथे फक्त जोडायचे, आणि पावसाळ्याआधी विद्यार्थी आत बसणार. तो म्हणतो, "शास्त्रीबुवा, हे घर वजनाला हलकं. काळी जमीन फुगली, आक्रसली, तरी खांबाखाली पाचर मारायची आणि पेच आवळायचे. बस." तुम्ही मिशीत हसून उत्तर देता, "अहो, वेदाला पेचकस लागत नाही." मंडळी खदखदून हसते. मीही हसतो. तुमच्या वाक्चातुर्याचा मला अभिमान होता.

मग तुम्ही सर्वांना जागेवर नेलेत. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा खणवलात आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरवलीत. माती उरली तर भूमी उत्तम, पुरेपूर बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. माती उरली, भरपूर उरली, खड्ड्यावर उंचवटा झाला. तुम्ही त्यावर अक्षता टाकल्यात आणि डोळे मिटून घेतलेत. भूमी उत्तम, म्हणून कंबरेइतका पाया पुरे, असा निर्णय तिथेच झाला. त्या कंबरेइतक्या पायावर दगड, चुना आणि मेळघाटचे सागवान यांचा खर्च मांडला गेला, आणि तो त्या तयार घरापेक्षा फारसा अधिक भरला नाही. भरणार कसा? दगडी घराचा खरा खर्च या मुलखात जमिनीच्या पोटात असतो, आणि तोच तुम्ही अक्षतांखाली झाकून टाकलात. कंपनीचा माणूस आपले चित्र गुंडाळून निघून गेला.

आई अंजनगावची. तिचे बालपण काळ्या मातीतच गेलेले. रात्री पानावर भाकरी वाढताना ती म्हणाली, "अवो, त्या मातीची ढेकळं निंगतात. ढेकळं भरली तं माती उरनारच. चुलीमागची भेग मले दरसाल लिंपा लागते, ते काहून? आमच्या इकडं मुरूम लागेस्तोवर खनतात." तुम्ही भाकरी मोडत राहिलात. तेव्हा ती भाकरीचे टोपले उचलता उचलता म्हणाली, "जमीन तोंड वासन, तवा काय भरसान तिच्यात? मंत्र?" मला हसू आले, आणि आई म्हणते त्यात तथ्य असेल, असे मी बोलून गेलो. तुम्ही पानावरून हात मागे घेतलात. "चुलीजवळचे ज्ञान शास्त्रात आणू नकोस," एवढेच म्हणालात, आणि पुढचा पंधरवडा मला पाठाला बसू दिले नाहीत. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत असे.

वास्तू उभी राहिल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत चिरली. देणगीदार यायचे असले की तुम्ही आईला निरोप पाठवत होतात, आणि ती पहाटे घमेले घेऊन जाई, चुन्यात माती कालवून ती चीर बुजवी, वर हात फिरवून परत येई. तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत की तुझे खरे होते. पुढच्या पावसात जमीन फुगली आणि तीच भिंत बाहेर कलली. विद्यार्थी पांगले, कोणी नाशिकला गेला, कोणी पौरोहित्याला लागला, बहुतेकांचे अध्ययन तिथेच संपले. तुम्ही मुहूर्ताला दोष दिलात, नंतर कलियुगाला. शास्त्राने तुम्हाला माती पाहायला सांगितले होते, बाबा. तुम्ही खड्डा पाहिलात.

आता गावातल्या एका समितीला त्याच जागेवर पुन्हा पाठशाळा उभी करायची आहे, आणि त्यांनी मला सल्ल्याला बोलावले आहे. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली, त्या चित्रातल्यासारखीच भाग जोडून उभारायची घरे विक्रीला आली आहेत. बारा मुले सध्या एका देवळाच्या पडवीत बसतात, त्यांना या पावसाळ्यापूर्वी छप्पर मिळू शकते. परंतु समितीचे अध्यक्ष, कापसाचे अडते, मला म्हणाले, "महाराज, पत्र्यावर तुमच्या वडलांचं नाव कोराव कसं? दगडच पायजे." मी म्हणालो, "नाव पायाच्या दगडात घाला, मुरुमापर्यंत. तितका पाया परवडत असेल तर खुशाल दगड घ्या." ते म्हणाले, "तुमी तं चेष्टा करून राहिले." मी चेष्टा करत नव्हतो. पत्र्याखाली उन्हाळ्यात तव्यावर बसल्यासारखे होते, तो गंजतो, वर गवत शाकारावे लागते आणि दर दोन वर्षांनी बदलावे लागते, हे सारे मला ठाऊक आहे. तो खर्चही मी उद्या समितीपुढे मांडणार आहे. आणि तुमची भूमिपरीक्षा चुकली होती, हेही तुमचे नाव घेऊन सांगणार आहे. ती बारा मुले पांगता कामा नयेत.

आता एक गोष्ट राहिली. परवा समितीची मंडळी चहाला गेली तेव्हा मी मागे थांबलो. तिथे पडलेल्या कुदळीने हातभर खड्डा खणला, या वयात, धापा टाकत, आणि माती पुन्हा आत लोटली. का, ते मला सांगता येणार नाही. माती उरली, बाबा. तेवढाच उंचवटा झाला. ती का उरली हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मला बरे वाटले, आणि माझा हात उपरण्याच्या गाठीत अक्षता शोधू लागला.