पोचेवरची सही

दि. ३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गुडघ्यांची चौकशी केलीस. गुडघे जागच्या जागी आहेत; कोर्टाचा जिना मात्र दर खेपेस वाढतो. बेलिफ नोटीस घेऊन त्या नटाच्या बंगल्यावर सातव्यांदा जाऊन आला. साहेब परगावी, हा पहारेकऱ्याचा ठरलेला जबाब. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात साहेब याच शहरात फीत कापताना हसत आहेत. ते पान मी बेलिफास दाखविले. त्याचे म्हणणे, छायाचित्रावर नोटीस बजावता येत नाही.

एका कोर्टाने त्याला खुनाच्या खटल्यातून पुराव्याअभावी सोडले. दुसऱ्याने माझ्या मुलीच्या मृत्यूस तोच जबाबदार ठरवून भरपाई देण्यास सांगितले. लोकांनी पहिला निकाल तोंडपाठ केला, दुसरा कोणास ऐकूही आला नाही. काल वह्या बांधून घ्यावयास आलेले मास्तर मला म्हणाले, की मेलेल्या मुलीच्या नावावर पैसे मागणे आपणांस शोभत नाही. त्यांच्या वह्या न बांधताच परत केल्या. मला ती रक्कम खर्चावयाची नाही, त्याच्या हातून सुटलेली पाहावयाची आहे. या महिन्यात नोटीस त्याच्या हाती पडून पोच न मिळाल्यास भरपाईच्या वसुलीचा अर्ज फेटाळला जाईल, असे वकीलबाई सांगतात.

घरातील सर्वांस आशीर्वाद कळवावेत.

तुझा दादा


दि. ९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मास्तरांच्या वह्या परत केल्यास! असं गिऱ्हाईक हाकललंस तर दुकानात डिंक चाटत बसशील.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, पण आता राहवत नाही. आमची सूनबाई मागच्या रविवारी दोन तास रांगेत उभी राहून त्याचीच सही घेऊन आली. वही कपाटावर मांडून ठेवलीय. मी म्हटलं, अगं, तुझ्या नवऱ्याची मामेबहीण होती ती. तर म्हणते, कोर्टानेच सोडलंय ना त्याला? आणि माणूस किती साधा आहे म्हणे, कुणाच्या नावाने लिहू, असं प्रत्येकाला विचारतो. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी चष्मा सापडेना, तेव्हा बोलावं लागलं.

येत्या शनिवारी तो तुमच्याकडे मोठ्या बाजारात चपलांच्या दुकानाचं उद्घाटन करणार आहे, सह्याही देणार आहे. तू त्या रस्त्याने जाऊ नकोस, दादा. तुझा रक्तदाब मला ठाऊक आहे.

जपून राहा, आणि माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी


दि. २२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

जाऊ नकोस म्हणून लिहिलेस, म्हणून ठिकाण कळले. बेलिफास सोबत घेऊन मी अडीच तास रांगेत उभा राहिलो. पुढच्या मुलीने, आजोबा तुम्हीसुद्धा, असे कौतुकाने म्हणून स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. ते मी प्यालो, याची लाज वाटते.

बेलिफाने दिलेली नोटीस त्याच्या माणसाने भेटवस्तूंच्या ढिगात टाकली. मी पोचेचा कागद पुढे केला. मी चार इयत्ता शिकलो, परंतु न वाचता आजवर एकाही कागदावर सही केली नाही. त्याने एक अक्षर वाचले नाही. खाली मान घालून कुणाच्या नावाने, एवढेच विचारले.

सही पुरेशी होती, मी गप्प राहावयास हवे होते. परंतु मी मुलीचे नाव सांगितले. आडनावासह, सावकाश. बेलिफाने माझा दंड धरला. नटाने ते नाव लिहिले, पुढे खूप प्रेम असे लिहिले आणि सही केली. हात कोठेही अडखळला नाही. मग हसून, मुलगी काय करते, असे विचारले. मी कागद उचलला. मागच्या लोकांनी मला पुढे सरकविले.

बेलिफाने बजावणी झाल्याचा शेरा मारला. वकीलबाई खूश आहेत. आता त्याचे वकील नवी पळवाट शोधतील, असेही म्हणाल्या. दहा वर्षे माझी समजूत होती, की ते नाव दोन माणसांस झोपू देत नाही. एकच माणूस निघाला.

सूनबाईस बोल लावू नकोस. फक्त पुढच्या पत्रात मुलीचे नाव तुझ्या अक्षरात लिहून पाठव. शेवटचे पाहिलेले त्याचे अक्षर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एवढा लोभ कर.

तुझा दादा