डबीचा खरा पत्ता

प्रिय ठमे,

अक्षर बघून दचकू नकोस. जाड पेनाने, मोठमोठी अक्षरं काढत लिहितोय. ओळी वरखाली गेल्या असतील तर चालवून घे. फोनवर हे सांगायला गेलो की मी हवापाण्यावर घसरतो आणि तू घाईत असतेस. म्हणून हा कागद.

तुझी परवाची मेल मिळाली. वादळानंतर चौकशी लागली आणि तुला नकाशाच्या कामावरून बाजूला केलं, हे कळलं. शेवटी तू लिहिलंयस, माझंच नकाशा वाचण्यात काहीतरी चुकलं असेल, बाबा. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही.

तू डबी बसवून दिलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. साबणाच्या वडीएवढी वस्तू आणि तिला एक हिरवा दिवा. जगभर लोकांनी आपापल्या घरात अशा हजारो डब्या लावून घेतल्यात, त्या दिवसभर एकमेकींना हाका मारतात, उत्तर किती वेळात आलं ते टिपून ठेवतात, आणि एखाद्या गावाची इंटरनेटची लाइन तुटली की तुमच्या नकाशावर ते गाव लाल होतं, असं तू मला समजावलंस. मी विचारलं, आपण कुठे आहोत हे डबीला कसं कळतं? तू हसलीस. तिला काही कळत नाही, ठेवणारा सांगेल तेच तिचं गाव, म्हणालीस. लोक घर बदलतात, डबी पिशवीत घालून नेतात आणि जागा बदलून द्यायला विसरतात. अशांच्या हात धुवून मागे लागायचं, हेच तुझं काम. मी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, मला ते फार पटलं. आपल्या घराचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मीच काढून दिले, अगदी खिडकीसकट.

ठमे, डबी त्या खिडकीत नाही. गेले आठ महिने मीही तिथे नाही.

मी शहरात राहतो. एका शिंपीणबाईंच्या दुकानावर एक खोली आहे, जिना अरुंद, पण पायऱ्या मोजून ठेवल्यात, सतरा. डोळ्यांत काचबिंदू आहे. उजवा गेल्यातच जमा आहे, डावा वाचवायचा तर दर आठवड्याला तपासणी, आणि आपल्या वस्तीवरून बसने सहा तास. म्हणून इथे आलो. फोनचा कॅमेरा बिघडलाय असं तुला सांगत राहिलो ते खोटं होतं. लिंबाला यंदा फळं धरली नाहीत, हेही मी बघितलेलं नाही, शेजारच्या मास्तरांनी फोनवर सांगितलेलं पुढे तुला सांगितलं.

का लपवलं ते तुला माहीत आहे. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू अर्धं शिक्षण टाकून आलीस. दोन वर्षं तिचं सगळं केलंस, आणि परत गेलीस तेव्हा तुझ्याबरोबरच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या होत्या. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की माझ्यापायी हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

डबी बरोबर आणली तीही त्याचसाठी. ती तासभर बंद पडली तरी तुझा फोन यायचा, बाबा, बरे आहात ना? दिवा चालू असला की तू निर्धास्त. तुमच्या ऑफिसातून दोनदा विचारणा आली की डबी नोंदवलेल्या जागीच आहे ना. दोन्ही वेळा मी "हो" दाबलं. ती विचारणा कशासाठी असते, हे पुरतं माहीत असताना दाबलं.

पुढचं तुला नकाशावरून माहीत आहे, मला मास्तरांकडून कळलं. पूल गेला, त्यावरची फोन-इंटरनेटची लाइन तुटली, सहा वस्त्या बंद पडल्या. पाच लाल झाल्या आणि डबी इथे शहरात चालू म्हणून आपली हिरवी राहिली. दुरुस्तीची माणसं त्या पाचांकडे गेली. आपल्याकडे चौथ्या दिवशी पोचली. त्यात मास्तरांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, नर्सला कुठे निरोप धाडता येईना. तिला खुर्चीत बसवून, चिखलातून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. दोघी सुखरूप आहेत, मुलगी झाली. 

आणि तुझ्या मेलमधली दुसरी गोष्ट. या डबीचं उत्तर वस्तीवरून येण्याच्या मानाने फार लवकर येतंय, हे तुझ्या सहकाऱ्याने आधीच दाखवलं होतं. तू त्याला म्हणालीस की माझे बाबा मोजणीदार आहेत, ते जागा चुकीची सांगणार नाहीत. मला आता बारीक अक्षर दिसत नाही, तुझ्या मेल शिंपीणबाई वाचून दाखवतात. इथवर आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "तुम्ही लेकीला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत." मग त्या खाली जाऊन चहा घेऊन आल्या, एवढ्यावरून समज त्या कशा आहेत.

काल त्यांच्या मदतीने डबीची जागा बदलली. आकडे मी सांगितले, दाबलं त्यांनी. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव. तुझं वाचण्यात काही चुकलं नव्हतं, नोंद खोटी होती, आणि ती मी जाणूनबुजून तशीच ठेवली होती. तुझी चूक एवढीच की तू बापावर विश्वास ठेवलास. त्यांना मला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारू देत.

साहेबांसाठी एवढंच. आता तुझ्यासाठी. बावीस तारखेला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. हाही वाचेल की नाही, डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात मी "कोणी नाही" असं लिहिलं होतं. आज जाऊन ते खोडलं आणि तुझं नाव लिहिलं, म्हणजे त्यांचा तुला फोन येईल. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसलो. जमलं तर ये, असं लिहिणार होतो. तसं नको. ये, ठमे. मला भीती वाटते, आणि ऑपरेशनआधी एकदा तुला नीट बघायचंय.

तुझाच,
बाबा